कांद्याच्या सालीचं शुभेच्छापत्र

दिवाळीच्या आधीच्या महिन्यात लासलगावच्या खळ्यांवर सालींचा खच पडलेला असतो. मार्च ते मे या काळात काढलेला उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत पाच-सहा महिने काढून बाहेर येतो, तोवर त्याचे वरचे दोन-तीन पापुद्रे पार वाळून सुटलेले असतात. प्रतवारी करणाऱ्या बायकांच्या हातून कांदा पुढे जातो आणि साल मागे उरते. ती वाऱ्याने उडते, ट्रॉलीच्या चाकांखाली चुरते, शेवटी झाडून पेटवली जाते किंवा उकिरड्यावर जाते. १९४७ साली इथे बाजार समिती सुरू झाली आणि आज इथल्या लिलावाचा भाव दिल्लीतही विचारला जातो. सालीचा भाव मात्र कोणी विचारत नाही. घरी शुभेच्छापत्र करू पाहणाऱ्याला या गावात याहून चांगलं साहित्य मिळणार नाही. ही साल रंग देते, थोडाफार कागद देते, आणि पत्र कुठून आलं हे पत्ता न वाचताही सांगते.

महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी आयुष्यातलं पहिलं भेटकार्ड शाळेत, कार्यानुभवाच्या तासाला केलेलं असतं. जाड रंगीत कागदाची घडी, त्यावर चमकीने काढलेली पणती, कडेने सॅटिनची रिबीन आणि आत ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’. नाशिक, नांदेड, सोलापूर, कुठल्याही शाळेतलं कार्ड घ्या, ते असंच दिसतं. कारण साहित्य एकाच प्रकारच्या दुकानातून येतं आणि नमुना छापील ग्रीटिंगचा असतो. घरचं शुभेच्छापत्र फसतं ते इथे, असं माझं ठाम मत आहे. हात कच्चा असल्याने ते फसत नाही. छापखान्याला जे सहज जमतं, तेच हाताने करायला गेल्याने ते फसतं.

छापील शुभेच्छापत्राचा जन्मच कष्ट वाचवण्यासाठी झाला. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं आणि लोकांच्या घरी पत्रांचे ढीग येऊ लागले. हेन्री कोल नावाच्या एका कामसू सरकारी अधिकाऱ्याला नाताळात आलेल्या प्रत्येक पत्राला हाताने उत्तर देणं अशक्य झालं. १८४३ साली त्याने जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या प्रती छापून घेतल्या. स्वतःला पुरून उरलेल्या प्रती एका शिलिंगला एक अशा विकल्या. त्याची गरज खरी होती, आणि पुढे छापील कार्डांनी जगात चांगली कामंही केली. १९४९ साली यितका सामकोवा या सात वर्षांच्या चेक मुलीचं चित्र युनिसेफच्या पहिल्या कार्डावर आलं. मुंबईत १९७९ साली रिपन कपूर यांनी सुरू केलेल्या ‘क्राय’ने तर मुलांच्या हक्कांच्या कामासाठी पैसा उभा करायला वर्षानुवर्षं शुभेच्छापत्रंच विकली. घरचं पत्र याच्या उलट वाटेने जातं. तिथे वेळ घालवायचा असतो, आणि तो कशावर घालवायचा हे आपण ठरवायचं असतं.

माझ्या हिशेबाने तो सजावटीवर न घालवता कागद आणि रंगावर घालवावा.

आधी कागद. हाताने कागद करण्याची परंपरा लासलगावपासून फार दूर नाही. दौलताबाद आणि खुलताबादच्या मधल्या कागजीपुऱ्यात आजही हातकागद होतो. मुहम्मद तुघलकाने १३२७च्या सुमारास राजधानी देवगिरीला, म्हणजेच दौलताबादला, हलवली, तेव्हा तिच्या मागोमाग कागद करणारे कारागीर इथे आले, असं तिथली परंपरा सांगते. मराठेशाहीच्या दप्तरांत जुन्नरी कागद नावाजलेला होता. खानदेशात एरंडोलचा जाडाभरडा देशी कागद प्रसिद्ध होता. गिरणीच्या कागदापुढे हे धंदे बसत गेले. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. तिथल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली जे उद्योग पुन्हा उभे करायचा प्रयत्न झाला, त्यांत हातकागद होता. पुण्यात के. बी. जोशी यांनी १९४० साली हातकागद संस्था उभी केली. शिवाजीनगरच्या या संस्थेतून पुढे कित्येक घरांच्या लग्नपत्रिकांचा आणि शुभेच्छापत्रांचा कागद गेला.

या सगळ्या ठिकाणचं मूळ तंत्र एकच आहे आणि ते स्वयंपाकघरात बसतं. कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंची गुंतवळ. तंतू पाण्यात सुटे केले, चाळणीवर पातळ थरात उचलले आणि वाळवले, की पाणी उडताना शेजारशेजारचे सेल्युलोजचे तंतू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात. गोंद लागत नाही. म्हणूनच जुना कागद भिजवून त्याचा पुन्हा नवा कागद करता येतो.

घरात साठलेले पाठकोरे कागद बोटभर तुकडे करून रात्रभर भिजत घालावेत. वर्तमानपत्राचा कागद टाळावा. त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं आणि उजेडात तो वर्षभरात पिवळा पडतो. वहीचा किंवा झेरॉक्सचा कागद बरा. आता कांद्याची साल. ती तशीच लगद्यात टाकली तर कागदात नुसती चिकटून राहते आणि वाळल्यावर गळून पडते. धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात ती तास-दीड तास उकळली की तंतूंना बांधून ठेवणारा भाग सुटतो आणि साल बोटांत चुरगळते. मग ती पाच-सहा पाण्यांतून धुवायची. या उकळीसाठी अन्नाची भांडी वापरू नयेत, एक जुनं स्टीलचं पातेलं त्यासाठी वेगळं ठेवावं. ॲल्युमिनियमचं तर मुळीच नको, सोडा ते खातो. सालीचे तंतू आखूड असतात, त्यामुळे नुसत्या सालीचा कागद घडीवर मोडतो. दोन भाग जुन्या कागदाचा लगदा आणि एक भाग साल एवढं प्रमाण पुरतं. दोन्ही मिक्सरमध्ये भरपूर पाणी घालून फिरवायचं. पाणी कमी पडलं तर मिक्सर तापतो आणि तंतूही तुटतात.

लाकडी चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणून ठोकली की चाळणी झाली. पसरट टबात पाणी आणि लगदा घ्यायचा, चौकट तिरकी आत घालून आडवी वर उचलायची, आणि पाणी निथळत असताना हलकेच दोन्ही दिशांना हलवायची. हे हलवणं महत्त्वाचं. यंत्रावरच्या कागदात तंतू पट्ट्याच्या धावेच्या दिशेने झोपतात, म्हणून तो एका बाजूने सहज दुमडतो आणि दुसऱ्या बाजूने कुरकुरतो. हातकागदात ते चहूकडे विखुरतात, म्हणून तो सगळीकडून सारखाच चिवट असतो. थर जुन्या सुती धोतराच्या तुकड्यावर उलटा टाकायचा, वर दुसरा तुकडा, त्यावर पाट आणि पाटावर वजन. कागजी कारागीर ओला ताव चुन्याच्या गुळगुळीत भिंतीवर चिकटवून वाळवत आणि मग दगडाने घोटत. आपण खिडकीच्या काचेवर चिकटवावा. काचेकडची बाजू इतकी गुळगुळीत निघते की तिच्यावर बोरूनेही लिहिता येतं. मात्र एक काम बाकी असतं. असा कोरा कागद शाई पितो आणि अक्षर फुटतं. भाताची पातळ पेज गाळून दोन्ही बाजूंना ब्रशने लावायची आणि पुन्हा वाळवायचं.

ज्याला एवढा खटाटोप नको, त्याने दुकानातून पांढरा कार्डशीट आणावा आणि सरळ रंगाकडे यावं. कारण सालीची खरी श्रीमंती रंगात आहे.

कांद्याच्या वाळक्या सालीत क्वेर्सेटिन नावाचं पिवळं द्रव्य भरपूर असतं. आतल्या ओल्या पाकळ्यांपेक्षा ते या वाळलेल्या पापुद्र्यांत कितीतरी जास्त असतं. लाल कांद्यात त्याच्या जोडीला अँथोसायनिन ही तांबडी-जांभळी द्रव्यं असतात. रंगीत सालीचा कांद्याला स्वतःलाही उपयोग होतो. १९२९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये लिंक आणि वॉकर या संशोधकांनी दाखवून दिलं, की रंगीत कांद्याच्या वाळक्या सालीत प्रोटोकॅटेच्युइक आम्ल असतं आणि ते कांद्यावर काळे डाग पाडणाऱ्या एका बुरशीला रुजू देत नाही. पांढऱ्या कांद्यात ते नसतं, म्हणून तो त्या रोगाला लवकर बळी पडतो. वनस्पतीची रोगाशी लढाई रसायनाच्या पातळीवर कशी चालते, हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक. आपल्यापुरता निष्कर्ष सोपा आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची साल कितीही उकळा, रंग निघणार नाही. लासलगावच्या सालीचा निघतो.

सालीवर काजळीसारखी काळी पूड दिसली तर ती वेगळी काढावी. ती साठवणीतल्या बुरशीची असते आणि नाकात जाते. दमा असलेल्याने सालींचा ढीग उपसू नये. उरलेली स्वच्छ साल दोन मुठी घेऊन दोन पेले पाण्यात अर्धा तास मंद उकळावी आणि फडक्यातून गाळावी. हातात गडद, तांबूस तपकिरी पाणी येतं. ते नुसतं कागदावर लावलं तर फिकट बदामी छटा येते आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात.

खरं काम तुरटीने होतं. कोमट पाण्याच्या पेल्यात लहान चमचाभर तुरटी विरघळवून ते पाणी आधी ब्रशने कागदावर लावायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग वर सालीचा रंग. तुरटीतलं ॲल्युमिनियम क्वेर्सेटिनला घट्ट धरतं आणि त्या जोडीतून झगझगीत पिवळा उमटतो. दिवाळीतल्या झेंडूच्या जवळ जाणारा तो पिवळा पाहिला की बाजारातला पिवळा पोस्टर कलर निर्जीव वाटू लागतो. दुसरं पाणी लोखंडाचं. चार गंजलेले खिळे वाटीभर व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवले की ते तयार होतं. ते लावलेल्या जागी तोच सालीचा रंग शेवाळी, गडद, कुठे कुठे जवळजवळ काळा होतो.

म्हणजे एकाच रंगाच्या पाण्यातून तीन छटा मिळाल्या. यातली गंमत अशी, की तुरटीचं पाणी वाळल्यावर दिसत नाही आणि लोखंडाचं जेमतेम दिसतं. त्यांनी कागदावर चित्र काढून ठेवलं तर कोरा वाटणारा कागद तयार होतो. त्यावर सालीच्या रंगाचा रुंद ब्रश फिरवला, की तुरटीच्या रेघा पिवळ्या आणि लोखंडाच्या रेघा शेवाळी उमटतात. रंगाआधी हे धातूचं पाणी लावून ठेवण्याचं तत्त्व आपल्याकडच्या कापड रंगवणाऱ्यांनी शतकानुशतकं वापरलं आहे. त्यासाठी ते तुरटी आणि लोखंडच वापरत. मुलांना हे एकदा करून दाखवा. रसायनशास्त्राच्या पुस्तकातला एखादा धडा त्यांच्या डोळ्यांसमोर घडतो.

हंगामाचाही हिशेब आहे. दिवाळीला हाताशी असते ती चाळीतल्या उन्हाळ कांद्याची तांबूस साल. संक्रांतीपर्यंत बाजारात नवा लाल कांदा आलेला असतो, त्याच्या सालीच्या पाण्यात जांभळट झाक असते. त्यात दोन थेंब लिंबू पिळलं तर पाणी गुलाबीकडे झुकतं, चिमूटभर खायचा सोडा घातला तर हिरवटाकडे. अँथोसायनिनचा हा गुण आहे, आम्लधर्मी आणि अल्कधर्मी परिस्थितीत ते रंग पालटतं. हळदही अशीच वागते. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू पूर्वी घरोघरी असंच होत असे. हळदीच्या पाण्याने रंगवून वाळवलेल्या कार्डावर चुन्याच्या निवळीत बुडवलेल्या काडीने नाव लिहिलं तर ते लाल अक्षरांत उमटतं. पण हळदीचा रंग उन्हात काही दिवसांत उडतो. सालीचा पिवळा त्यापेक्षा टिकाऊ, तरीही तो फ्रेम करून उन्हाच्या भिंतीवर लावायचा रंग नव्हे. पाकिटात, वहीत, कपाटात तो वर्षानुवर्षं राहतो. तुरटीचं पाणी दाट करायचा मोहही टाळावा. तुरटी आम्लधर्मी असते आणि तिच्या अतिरेकाने कागद कालांतराने ठिसूळ होतो.

चित्र काय काढायचं, याबद्दल थोडंच सांगतो. शुभेच्छापत्रावर वारली चित्रं काढण्याची आता रीतच पडली आहे. तारपा नाच, झोपडी, ताडाचं झाड, सगळं पाहून पाहून उतरवलेलं. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू भागातल्या वारल्यांना चित्रांसाठी कागद दिला आणि जिव्या सोमा मशे यांच्यासारखा थोर चित्रकार जगासमोर आला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी कागदावर काढलं ते त्यांच्या भोवतीचं जग होतं, मासेमारीचं जाळं, वारुळं, शेत. त्यांच्याकडून घ्यायचं असेल तर हे घ्यावं. लासलगावच्या मुलाने ट्रॉलींची रांग काढावी, चाळ काढावी, उन्हाळ्याच्या तोंडाशी शेतात उभे राहणारे कांद्याच्या डोंगळ्यांचे पांढरे गोल काढावेत. चित्र काढता येत नसेल तर कांदाच ठसा होतो. आडवा कापून कापलेली बाजू अर्धा तास रद्दीवर टेकवून ठेवायची, म्हणजे रस निघून जातो. मग त्यावर पातळ रंग लावून दाबायचं, एकात एक वर्तुळं मिळतात. भेंडीने फूल मिळतं. निफाडच्या द्राक्षबागेतलं पान उलट्या बाजूने रंगवून दाबलं तर त्याची शीर न् शीर उठते.

घडी घालताना आधी खुणेची रेघ ओढावी. रिफिल संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून दाबून ओढलं की कागदाचे वरचे तंतू बसतात आणि घडी फाटत नाही. दुकानातला कार्डशीट असेल तर तो दोन्ही दिशांनी हलका वाकवून बघावा आणि ज्या दिशेने कमी विरोध करतो त्या दिशेने घडी घालावी. डिंक किंवा फेविकॉल पातळ लावावा. दोन्हींत पाणी असतं आणि जास्तीचं पाणी हातकागदाला सुरकुत्या पाडतं. चिकटवल्यावर रात्रभर जाडजूड पुस्तकाखाली ठेवणं हाच त्यावर उपाय. सावंतवाडीच्या गंजिफांच्या पत्त्यांना ज्याचा लेप देतात ती चिंचोक्याची खळ मिळाली तर उत्तमच.

मग टपाल. हाताने केलेली कितीतरी सुंदर कार्डं वजनाचा विचार न करता पेटीत पडतात आणि घेणाऱ्याला दंडाचे पैसे भरावे लागतात. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा आहे. ए-फोर आकाराचा, ३०० जीएसएमचा कागद जवळपास १९ ग्रॅम भरतो. तो मधोमध दुमडून कार्ड केलं आणि पाकिटात घातलं की २० ग्रॅम ओलांडले. त्याच्या निम्मा, ए-फाइव्ह कागद घेतला तर कार्ड ९ ग्रॅमच्या आसपास होतं, घरी केलेलं पाकीट तीन-चार ग्रॅमचं, आणि आपट्याचं पान किंवा चिठ्ठी घालायलाही वाव राहतो. हातकागद जाड-पातळ निघतो, म्हणून तो किराणा दुकानातल्या काट्यावर टाकून बघावा. संक्रांतीला पाकिटात तिळगुळाचे दाणे घालून पाठवण्याची आपली जुनी रीत फार गोड आहे. पण पाकिटावर शिक्का आपटतो आणि दाणे कागद फाडून बाहेर येतात. हे दाणे कागदाच्या चपट्या पुडीत एकाच थरात पसरून, पुडी कार्डाच्या आत, तिकिटापासून लांबच्या कोपऱ्यात चिकटवावी.

तिकीट लावताना ते कुठे छापलं गेलं हेही लक्षात असू द्यावं. १८५०च्या दशकापासून सत्तर वर्षं भारताची बहुतेक तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीत छापून बोटीने येत. १९२५ साली नाशिक रोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली आणि ते काम इथे आलं. १९३१ साली नव्या दिल्लीच्या उद्घाटनाची चित्रमय तिकिटं इथूनच निघाली. पोस्टकार्ड आणि आंतरदेशीय पत्रंही इथे छापली गेली. नाशिक रोड आणि लासलगाव ही एकाच लोहमार्गावरची स्टेशनं. साल लासलगावची, कागद घरचा आणि तिकीट नाशिक रोडचं असं पत्र पूर्णपणे एका जिल्ह्याचं असू शकतं.

शेवटचा प्रयोग बियांचा. लगदा चाळणीवर असतानाच त्यावर कांद्याचं बी भुरभुरलं आणि वर लगद्याचा अगदी पातळ थर दिला, तर पत्र वाचून झाल्यावर ते कुंडीत पेरता येतं. असा ताव काचेवर उन्हात तापवू नये, सावलीत आणि वाऱ्यावर लवकर वाळवावा, नाहीतर बी कागदातच फुगतं. त्याला तुरटी, सोडा, लोखंड यांपैकी काहीही लावू नये. कांद्याचं बी फार काळ टिकत नाही, साध्या साठवणीत वर्षभरात त्याची उगवण झपाट्याने घसरते. म्हणून चालू हंगामाचंच बी घ्यावं आणि कार्डाच्या मागे महिना-साल लिहून, कोणत्या महिन्याच्या आत पेरायचं तेही लिहावं. परदेशातल्या नातेवाइकांना मात्र बियांचं कार्ड पाठवू नये. बहुतेक देश टपालातून येणारं बी परवान्याशिवाय आत घेत नाहीत आणि सगळं पाकीटच नष्ट होऊ शकतं. त्यांच्यासाठी सालीच्या रंगाचं कार्ड करावं, आणि दिवाळीच्या निदान महिनाभर आधी पेटीत टाकावं.